युसुफभाईचं शिसं

गोळ्या झाडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. माणसांवर नाही, कागदावर. आधी सोळा वर्षं विदर्भातल्या एका दारूगोळा कारखान्यात आणि मग एकोणीस वर्षं उम्म अल कुवैनच्या एका शूटिंग क्लबच्या चाचणी खोलीत. लग्नकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी "क्वालिटी कंट्रोल" एवढंच सांगतो. खरं सांगितलं की समोरचा आधी एक पाऊल मागे सरकतो आणि मग दारूवरचा तो एकुलता एक विनोद करतो. तो विनोद मी पस्तीस वर्षं ऐकतोय. तुम्ही केलात तरी हसेन, सवय आहे.

उम्म अल कुवैन म्हणजे दुबईहून शारजा, अजमान मागे टाकून पुढे गेलं की लागणारं समुद्रकाठचं गाव. दुबईतले मराठी लोक तिथे सहलीला यायचे, "किती शांत आहे हो!" म्हणायचे आणि तासाभरात परत जायचे. आम्ही मात्र तिथेच राहिलो. मी, माझी बायको सुनंदा आणि मुलगी मुक्ता. क्लब गावाबाहेर होता. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला तारेच्या कुंपणापलीकडे उंट. रायफलच्या आवाजाला उंट कधीच दचकले नाहीत. दचकायचे ते क्लबचे नवे सदस्य.

सदस्यांचे नमुने काय सांगावेत! एक गृहस्थ दर आठवड्याला आपला ससाणा घेऊन यायचे. त्यांचं म्हणणं असं, की क्लबच्या काही काडतुसांचा आवाज पक्ष्याला त्रास देतो, तर कुठल्या काडतुसांचा देत नाही हे मिस्टर विनायकने लेखी द्यावं. मिस्टर विनायक म्हणजे मी. आखातात आडनावाला कुणी विचारत नाही. ससाण्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला रिसेप्शनमध्ये बसवलं, मी आत पाच प्रकारची काडतुसं झाडली आणि अहवालात लिहिलं, "पक्ष्याची तक्रार नाही." गृहस्थांनी तो कागद फ्रेम करून घेतला. दुसरे एक दुबईच्या देऱ्या भागातले व्यापारी. त्यांनी क्लबचा नियम मोडून ऑगस्टमध्ये काडतुसांचा डबा गाडीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यावरच ओरडत आले, "गोळ्यांना घाम आलाय!" घाम नव्हता. मेण वितळलं होतं.

या मेणाचं काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते खरं तर काडतूस. पितळेची पुंगळी, तिच्यात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. कारखान्याच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं. पण आमच्या क्लबला स्वतः काडतुसं भरायचा परवाना होता आणि त्यासाठी आम्ही शिसं वितळवून, साच्यात ओतून गोळ्या बनवायचो. अशा ओतीव गोळीला कवच नसतं. ती नळीत घासू नये म्हणून तिच्या खाचांमध्ये मेण भरतात. मग ते काडतूस हाताने जुळवायचं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायचं.

साध्या रायफलीला हे काडतूस चालतं. सेमी-ऑटोमॅटिकचे मात्र नखरे. चाप एकदा ओढला की गोळी सुटते, सुटता सुटता त्याच जोरावर रायफल रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि खालच्या मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीतून, पुढचं काडतूस स्वतःच्या हाताने वर घेते. जोर कमी पडला तर ती अर्धवट उघडते. गोळीचं नाक बोथट असेल तर ते नळीच्या दारातच अडकतं. मेण जास्त झालं तर चिकटतं. म्हणजे सगळं मापात लागतं, सासरी आलेल्या जावयासारखं. माझं काम एवढंच, की पाच-पाच काडतुसं भरून झाडायची, वेग मोजायचा, कागदावरची भोकं मोजायची, नळीत शिसं चिकटलंय का पाहायचं. शंभरात एकही अडकायला नको. एक अडकलं तरी सगळी खेप नापास.

माझी एक शिस्त होती. चाचणीची मॅगझिन एकच. तिच्यावर मी पांढऱ्या रंगाने एक आकडा घातला होता. रायफल रोज साफ व्हायची, मॅगझिन मात्र महिन्यातून एकदा, पहिल्या कामाच्या दिवशी, माझ्याच हाताने उघडायची. बाकी कुणी तिला हात लावायचा नाही. या शिस्तीचा मला जरा जास्तच अभिमान होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गोळ्या ओतायचं काम युसुफभाईकडे होतं. श्रीवर्धनजवळच्या गावचा, पंचेचाळिशीचा, किडकिडीत माणूस. त्याच्या घरी तीन पिढ्या मासेमारीच्या जाळ्यांना लावायची शिशाची वजनं ओतायचे. उम्म अल कुवैनच्या बंदरातही तो तेच करायचा. आमचे मॅनेजर अबू राशिद, लष्करातून निवृत्त झालेला इमिराती माणूस, एकदा मासळी घ्यायला गेले आणि त्याची वजनं हातात घेऊन पाहत राहिले. एकसारखी एक. त्यांनी त्याला क्लबच्या मागच्या शेडमध्ये आणून बसवलं. पंखा, मास्क, हातमोजे आणि शिशाचं भांडं. भांड्यातला रंग बघून तो सांगायचा, "अजून दोन मिनिटं." मी थर्मामीटर लावायचो आणि दोन मिनिटांनीच आकडा बरोबर यायचा. मला याचा थोडा रागच यायचा.

पण तो अजून क्लबचा माणूस नव्हता. एका कंत्राटदाराच्या व्हिसावर होता आणि इंडस्ट्रियल एरियात एका खोलीत सहा जण राहायचे. अबू राशिद म्हणाले होते, की सेमी-ऑटोमॅटिकसाठी त्याची एक खेप पास झाली तर शेड कायमची, युसुफ क्लबच्या व्हिसावर टेक्निशियन आणि मग त्याला फॅमिली आणता येईल. नापास झाली तर शेड बंद, गोळ्या बाहेरून मागवायच्या. युसुफभाईने खाडीजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवला होता. बायको रुखसाना आणि अकरा वर्षांची मुलगी सना, दोघींचे पासपोर्ट तयार होते. मोबाइलवर तो मला फ्लॅटच्या खिडकीचा फोटो दाखवायचा. फक्त खिडकीचा. "सनाला बाहेर बघत बसायची सवय आहे, भाऊ," म्हणायचा.

खेप तयार झाली आणि खंडेनवमी आली.

कारखान्यात असताना खंडेनवमीला आम्ही लेथ मशीनपासून स्क्रू ड्रायव्हरपर्यंत सगळं पुजायचो. ती सवय काही सुटली नाही. आखातात मी गाजावाजा करत नसे. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, चाचणी खोलीचं दार लोटायचं, टेबलावर स्वच्छ फडकं, त्यावर रायफल, वेग मोजायचं यंत्र, काटा आणि मॅगझिन. बर दुबईच्या बाजारातून आणलेली झेंडूची चार फुलं, हळदकुंकू आणि सुनंदाने डबीत भरून दिलेल्या अक्षता. अगरबत्ती नाही. दारूच्या खोलीत अगरबत्ती लावणाऱ्याला देवसुद्धा वाचवणार नाही.

त्या वर्षी युसुफभाईही लवकर आला होता. दाराबाहेर चपला काढून उभा राहिला. हातात त्याचा लोखंडी साचा.

"भाऊ, ह्याच्यावर पण दोन दाने टाका. बरकत होऊ दे."

मी टाकले. त्याने प्रसादाचा पेढा खाल्ला, साचा शेडमध्ये नेला आणि मी पाहत होतो, ब्रश घेऊन एकेक दाणा आणि कुंकवाचा कण त्याने झाडून काढला, वर फडक्याने पुसला. "शिशाला ओल नाय चालत," म्हणाला. "उडतं तोंडावर." मी मनात म्हटलं, किती जपतो हा.

दुसऱ्या दिवशी चाचणी सुरू झाली. पहिलं काडतूस छान. दुसरं छान. तिसरं अडकलं. मॅगझिनमधून वर येताना नाक खाली घालून दारातच बसलं. काढलं, पुन्हा भरलं. या वेळी चौथं अडकलं. वेग पाहिला, बरोबर. पुंगळ्या नीट बाहेर पडत होत्या, म्हणजे जोर बरोबर. मग तुलनेसाठी त्याच मॅगझिनमध्ये कारखान्याची तांब्याच्या कवचाची काडतुसं भरली. पाचही सटासट गेली. निकाल सरळ होता: दोष शिशात.

पाच दिवस आम्ही हाच खेळ खेळलो. मी म्हणालो शिसं मऊ आहे; युसुफभाईने सगळं वितळवून कडक मिश्रण केलं. अडकलं. मी म्हणालो मेण जास्त. त्याने मेण कमी केलं. अडकलं. मी म्हणालो नाकाचा आकार. त्याने अबू राशिदकडून दुसरा साचा मागून आणला. तरी अडकलं. चौथ्या दिवशी त्याचे डोळे लाल झाले होते. घाबरत घाबरत म्हणाला, "भाऊ, एक वेळ दुसरी मॅगझिन लावून बघायची का?"

आणि मी त्याला जे उत्तर दिलं ते आजही आठवलं की कानशिलं गरम होतात. मी म्हणालो, "युसुफभाई, ही मॅगझिन माझी फूटपट्टी आहे. फूटपट्टी बदलून कापड लांब होत नाही."

मला ते वाक्य इतकं आवडलं की घरी जाऊन मी ते सुनंदालाही ऐकवलं. मुक्ता जेवता जेवता म्हणाली, "बाबा, दॅट्स सो मीन." मी म्हटलं, तुला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

सहाव्या दिवशी मी अहवाल लिहिला. नापास. कारण: ओतीव गोळीचा आकार व मऊपणा सेमी-ऑटोमॅटिकला अयोग्य. सही केली, अबू राशिदच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि फक्त "खलास" म्हणाले. संध्याकाळी शेडच्या मागे युसुफभाई फोनवर बोलत होता. मला ऐकू आलं ते एवढंच: "नको, सामान बांधू नको. सनाला सांग, अब्बूचा हात चुकला."

आठवड्याने नवा महिना लागला. पहिला कामाचा दिवस. मी नेहमीप्रमाणे पांढरं फडकं पसरलं, मॅगझिनचं बूड काढलं, स्प्रिंग बाहेर घेतली. तिच्यामागोमाग काडतुसं वर ढकलणारी पट्टी निघाली आणि फडक्यावर टप्पदिशी काहीतरी पडलं.

तांदळाचा दाणा. अर्धा घासलेला, कुंकवाने लाल.

मॅगझिन पूजेत तोंड वर करून उभी ठेवली होती मी. दाणा आत गेला, पट्टीच्या कडेला बसला. दोन काडतुसं सुटेपर्यंत पट्टी ठीक, मग ती दाण्याला अडायची आणि पुढचं काडतूस केसभर खाली राहायचं. तांब्याची टोकदार गोळी तेवढं सोसून घसरत आत जायची. शिशाची मऊ, बोथट गोळी नाक घासून थांबायची. मी पाच दिवस युसुफभाईकडून शिसं बदलून घेतलं, मेण बदलून घेतलं, साचा बदलून घेतला. फक्त स्वतःचं काही बदललं नाही.

मॅगझिन जोडली. कपाटात त्याच्या पहिल्या खेपेची राखून ठेवलेली शंभर काडतुसं होती. झाडली. शंभरच्या शंभर गेली. कागदावरची भोकं तर अशी जवळजवळ, की कारखान्याच्या गोळीने लाजावं.

आता खरं सांगतो, कारण खोटं सांगायला या वयात कष्ट फार पडतात. मी तो दाणा शर्टाच्या खिशात टाकला. खोलीत कुणी नव्हतं. नवा अहवाल लिहिता आला असता: "फेरचाचणीत पास, आधीचा दोष हवामानामुळे असावा." आखातात हवामानावर काहीही ढकलता येतं. तसा कागद मी लिहिलाही. सही तेवढी राहिली.

घरी सुनंदाला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

"देवाला वाहिलेला दाणा ना तो?" म्हणाली. "मग लपवताय कुणापासून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अबू राशिदच्या टेबलावर मी दाणा ठेवला. त्यांनी चष्मा लावला.

"मिस्टर विनायक, ये क्या है?"

"राइस, सर."

"राइस?"

"प्रेयर राइस, सर. मॅगझिन के अंदर था. मेरे हाथ से गया. युसुफ की गोली पास है."

त्यांनी दाणा पेनाच्या टोकाने उलटा केला. मला वाटलं आता इतक्या वर्षांचा हिशेब एका तांदळात होणार. मग ते म्हणाले, "मेरी माँ भी नई गाड़ी में बुखूर घुमाती थी. धुआँ, खुशबू, सब." चष्मा काढला. "लेकिन इंजन के अंदर नहीं, हबीबी."

मग आवाज बदलला. जुना अहवाल रद्द करून नवा लिहायचा, त्यात कारण खरं लिहायचं आणि ते माझ्याच अक्षरात. "और युसुफ को तुम बोलोगे. मैं नहीं. यल्ला."

तो अहवाल आजही क्लबच्या फायलीत असणार. दोषाचं कारण: तांदूळ, एक दाणा. जबाबदार: विनायक.

शेडमध्ये गेलो तेव्हा युसुफभाईने उरलेल्या सगळ्या गोळ्या वितळवून टाकल्या होत्या. बंदरातल्या कुणाच्या तरी जाळ्यासाठी वजनं ओतत होता. मी सगळं सांगितलं, फूटपट्टीच्या वाक्यासकट. हातात दाणा धरून. त्याने मास्क काढला.

"भाऊ," म्हणाला, "पाच रोज मी माझ्या हाताला शिव्या दिल्या. बापाच्या पण हाताला दिल्या, त्याने शिकवलं म्हणून."

मी माफी मागितली, पण ती त्या शेडमध्ये फार लहान वाटली. त्याने माझ्या तळव्यावरचा दाणा चिमटीत उचलला, उजेडात धरला.

"बासमती?"

"आंबेमोहोर."

"तरीच," म्हणाला. "बासमती असता तर लांब असता, तुटला असता." आणि मास्क चढवून पुन्हा वजनं ओतायला लागला. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलताना दिसले. तो हसत होता की काय, मला मास्कमुळे कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही.

खेप पास झाली, शेड राहिली, युसुफभाई क्लबचा झाला. पण मधल्या दिवसांत त्याचे थांबवलेले कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. खिडकीचा तो फ्लॅटही हातचा गेला, दुसरा शोधावा लागला. रुखसाना आणि सना आल्या त्या चार महिन्यांनी. पुढच्या खंडेनवमीला युसुफभाई सकाळीच माझ्या दारात हजर. "भाऊ, पूजा करा. पण मॅगझिन आधी माझ्याकडे द्या." त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंडाला रबर बांधलं आणि मग टेबलावर ठेवली. मी मुकाट्याने पिशवीवर अक्षता वाहिल्या.

त्या दोघी आल्या त्याच आठवड्यात, म्हणजे या पिशवीच्या पूजेच्या बरंच आधी, त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. या फ्लॅटलाही खिडकी होती आणि तिच्यातून खाडीचा एक तुकडा दिसत होता. सुरमई, सोलकढी आणि भात. युसुफभाईने भाताचं पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊंना मोजून वाढ, रुखसाना. एक दाना पण त्यांना भारी पडतो." सगळे हसले. मुक्ता तर ठसका लागेपर्यंत हसली. मीही हसलो, माझा तेवढाच हक्क उरला होता.

सना खिडकीत बसली होती. आमच्याकडे वळली.

"तुम्हीच का ते तांदूळवाले काका?"

"हो, मीच."

"तुमच्यामुळे मला शाळेत दोनदा निरोप मिळाला," ती म्हणाली. रागाने नाही, नुसती माहिती द्यावी तसं. "अब्बूंनी सांगितलं जायचंय, म्हणून दाखला काढला. बाईंनी सगळ्या वर्गाला लाडू दिले, मैत्रिणी रडल्या. मग परत जाऊन त्याच बाकावर बसले. मग आता पुन्हा निरोप झाला."

"म्हणजे दोनदा लाडू," मी गंमत करायला गेलो.

"हो," ती म्हणाली आणि पुन्हा खाडीकडे बघायला लागली. "पण दुसऱ्यांदा कुणी रडलंच नाही."